सुकाजान

सुकाजान : पाठीवर, छातीवर व बाह्यांवर यंत्राने भरतकाम केलेले चकचकीत कापडाचे जपानी जाकीट. फुजी पर्वत, पागोडा, तोरी (शिंतो देवळाची) कमान, चेरीचा बहर अशी निसर्गदृश्ये आणि ड्रॅगन, वाघ, गरुड हे त्यावरील नेहमीचे विषय. घाट अमेरिकी बेसबॉल जाकिटाचा : गळा, मनगट व कमरेला विणीच्या पट्ट्या आणि खांद्यापासून बाहीवर उतरणारे रंगीत गोट. योकोसुका हे नाविक तळाचे शहर आणि ‘जंपर’ यांच्या जोडणीतून नाव आले, असे सामान्यतः मानतात. ‘स्काय ड्रॅगन जंपर’चे ते लघुरूप असल्याचेही सांगतात, ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली दिसते.

उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातला (१९४५–५२), याबद्दल दुमत नाही, तपशिलाबद्दल आहे. लोकप्रिय कथा अशी, की मायदेशी परतणाऱ्या सैनिकांनी उरलेल्या हवाई छत्र्यांचे रेशीम स्थानिक शिंप्यांकडे नेले आणि त्यावर आपल्या तुकडीचे नाव व ड्रॅगन भरून घेतले. असे काही नग झालेही असतील. परंतु युद्धकाळात अमेरिकी छत्र्यांत रेशमाची जागा बव्हंशी नायलॉनने घेतली होती, आणि आज आढळणारी बहुतेक जुनी जाकिटे ॲसिटेट या मानवनिर्मित धाग्याच्या सॅटिनची आहेत. युद्धोत्तर टंचाईत रेशीम सहजी मिळत नव्हते. ॲसिटेटला रेशमाची झळाळी होती आणि ते परवडतही होते. त्यामुळे वैयक्तिक आठवणीपेक्षा व्यापारी पुरवठा हाच मुख्य उगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कोशो या व्यापारी पेढीने, म्हणजे आजच्या टोयो एंटरप्राइझच्या पूर्वसुरीने, लष्करी तळांवरील दुकानांना ही जाकिटे मोठ्या प्रमाणावर पुरवली. अर्थात या मताचा बराचसा आधार त्या कंपनीच्याच सांगण्यावर आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते.

भरतकाम मुख्यतः गुन्मा प्रांतातील किर्यू व शेजारच्या तोचिगी प्रांतातील आशिकागा या जुन्या वस्त्रोद्योगाच्या गावांत होई. किमोनो व ओबीवर (किमोनोच्या कमरपट्ट्यावर) काम करणाऱ्या कारागिरांकडे तेथे ‘योकोबुरी’ म्हणजे आडव्या झोक्याची यंत्रे होती. साडीला पिको करणाऱ्या यंत्रातही सुई अशीच डावी-उजवी हलते. पण तेथे टाक्याची रुंदी आधी ठरवलेली असते, योकोबुरीत ती शिवता शिवता बदलते. यंत्राला कापड पुढे सरकवणारे दाते नाहीत आणि कापड दाबणारा पायही नाही. कारागीर रिंगणात ताणलेले कापड दोन्ही हातांनी फिरवतो, पायाने वेग आणि गुडघ्याजवळच्या दांड्याने टाक्याची रुंदी सांभाळतो. फुजीचे शिखर भरताना हे नीट दिसते : माथ्यावर पांढरे रुंद टाके, उतारावर गुडघ्याचा दाब सैल होत गेला की तेच निमुळते होऊन बर्फाच्या जिभा बनतात, त्यांच्या फटीत मग निळ्याच्या दोन-तीन छटा एकमेकींत घुसवतात. मुल्हूझच्या हाइलमानचे यंत्र (१८२८) किंवा स्विस ग्रब्लीचे शिफ्ली यंत्र (१८६३) एकाच वेळी एक नमुना अनेक ठिकाणी भरण्यासाठी होते. योकोबुरीत प्रत्येक नग वेगळाच उतरतो. यंत्रभरत म्हणून त्याची गणना होत असली, तरी हातकामाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

जाकीट बहुधा दोन्ही बाजूंनी घालता येते. दोन्ही बाजूंचे भरत आधी स्वतंत्रपणे पुरे करून मग त्या जोडतात, त्यामुळे धाग्यांची उलटी बाजू आत झाकली जाते.

चित्रविषय गिऱ्हाइकाच्या, म्हणजे अमेरिकी सैनिकाच्या, नजरेतून निवडलेले आहेत. जपानचा नकाशा व त्यावर तळांची नावे हा प्रकार याच गरजेतून आला. अलास्कातील तळांसाठीच्या वेल्व्हेटीनच्या जाकिटांवर हिमशिखरे, ध्रुवीय अस्वल, कुत्र्यांची घसरगाडी व टोटेम खांब दिसतात. भरणाऱ्यांपैकी कोणी तो प्रदेश पाहिला असण्याची शक्यता कमीच. व्हिएटनाम युद्धकाळातील जाकिटे वेगळी धरावीत : कापड सैनिकी, नकाशा व्हिएटनामचा आणि जोडीला कडवट विनोदी घोषवाक्ये.

जपानी तरुणांत हा पोशाख १९६० नंतर रुळला. इमामुरा शोहेई यांच्या योकोसुकात घडणाऱ्या ‘बुता तो गुनकान’ (१९६१) या चित्रपटातील नायक असे जाकीट वापरतो. पुढे उडाणटप्पूंचा वेश म्हणून त्याची बदनामी झाली, फॅशनमध्ये पुनरुज्जीवनही झाले. योकोसुकातील दोबुइता रस्त्यावर आजही त्याची दुकाने आहेत. बाजारातील बहुतेक माल आता अनेक सुयांच्या संगणकीय यंत्रांवर निघतो. त्यांचे टाके एकसारख्या दाटीचे असतात आणि रंगाच्या कडा काटेकोर तुटतात. जुना नग ओळखताना संग्राहक प्रथम हीच खूण पाहतात. किर्यूत योकोबुरी चालवणारे कारागीर थोडेच उरले आहेत.