बांगड्याचा डोळा आणि आजीचा मोतीबिंदू

बांगड्याचं तिखलं शिजलं की माशाच्या डोळ्यातून एक पांढरी, टणक गोळी निघते. मालवणात लहानपणी ती आम्ही ताटाच्या कडेला काढून ठेवायचो. ते माशाच्या डोळ्यातलं भिंग. ताजा बांगडा साफ करताना तेच काढून बघा, काचेच्या मण्यासारखं आरपार दिसेल. पाण्याखाली बुबुळावरचा पारदर्शक पडदा प्रकाश फारसा वळवू शकत नाही, सगळा भार भिंगावर येतो, म्हणून माशाचं भिंग गोल. आपलं मात्र मसुराच्या दाण्यासारखं चपटं.

चुलीवर ते पांढरं होतं, कारण उष्णतेने त्यातली प्रथिनं उलगडतात आणि एकमेकांत गुंततात. अंड्याच्या पांढऱ्याचंही तेच होतं. मोतीबिंदूतही प्रथिनांच्या गुठळ्याच होतात, पण चुलीशिवाय आणि वर्षानुवर्षं हळूहळू.

भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत आणि त्याच्या आतल्या पेशींनी आपलं केंद्रकही टाकून दिलेलं असतं, नाहीतर प्रकाश अडला असता. पण केंद्रक नाही म्हणजे नवी प्रथिनंही नाहीत. भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिन प्रथिनं आईच्या पोटात असताना तयार झालेली, तीच जन्मभर पुरवायची. ग्रीनलंड शार्कचं वय 2016 साली शास्त्रज्ञांनी भिंगाच्या याच गाभ्यावरून काढलं. सर्वांत मोठी मादी किमान 272 वर्षांची निघाली! अल्फा क्रिस्टॅलिन बिघडलेल्या प्रथिनांना धरून ठेवतं, गुठळी होऊ देत नाही, पण त्याचाही साठा संपत जातो. ऊन, तंबाखूचा धूर, मधुमेह, स्टिरॉइड यांनी तो दिवस लवकर येतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक दिसली की लोक मोतीबिंदू समजतात. बहुतेकदा ते भिंगाचं वयानुसार घट्ट होणं असतं आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असतं. मधुमेही कुत्र्याची गोष्ट वेगळी. जादा साखरेचं भिंगात सॉर्बिटॉल होतं, ते पाणी ओढून घेतं आणि बहुतेकांचे डोळे वर्षभरात पांढरे होतात. मांजरात हा बदल घडवणारं विकर मंद असतं, म्हणून मधुमेह होऊनही ती सहसा सुटते.

माझी आजी दोन वर्षं ऑपरेशन टाळत राहिली. "अजून पिकाक नाय, पिकांदे आधी." जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला हा समज गावागावांत अजून आहे आणि त्याने खरंच नुकसान होतं. पिकलेलं भिंग कडक होतं, काढायला अवघड जातं. फारच पिकलं तर आतली प्रथिनं पाझरून डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टीची नस कायमची जाऊ शकते. रोजच्या कामात अडायला लागलं की डोळे दाखवावेत. थेंबांनी गुठळ्या विरघळत नाहीत, भिंगच बदलावं लागतं.

पट्टी निघाल्यावर आजीने पहिल्यांदा विचारलं ते बाजारातून आणलेल्या बांगड्यांबद्दल: हे एवढे निळे कसे? वयाबरोबर पिवळं पडलेलं भिंग निळा प्रकाश अडवतं. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, ती कितीतरी वेळ त्या माशांची पाठ बघत बसली होती.