सुगम्य खेळांचा प्रसार, दृष्टिबाधितांमधील (गोवा)

अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना स्पर्श, ध्वनी किंवा ठळक रंगभेद यांच्या आधारे खेळता येतील अशा खेळांची माहिती, साधने व प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे कार्य. पटावरील खेळ, मैदानी खेळ आणि संगणक वा मोबाइलवरील श्राव्य खेळ हे सर्व त्यात मोडतात.

श्राव्य खेळांच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. अटारी कंपनीच्या ‘टच मी’ (१९७४) या यंत्रात दिवे व स्वर यांचा क्रम लक्षात ठेवून तो पुन्हा उमटवावा लागे. ‘सायमन’ (१९७८) हे खेळणे त्याच धर्तीचे असल्याने काही लेखक या दोहोंना श्राव्य खेळांचे पूर्वज मानतात. परंतु ती अंधांसाठी घडविलेली नव्हती. दुसऱ्या मतानुसार, केवळ मजकुरावर चालणारे आणि वाणी-संश्लेषकाच्या (मजकुराचे कृत्रिम आवाजात रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने ऐकता येणारे संगणकीय साहसखेळ हा खरा प्रारंभ होय. अंध खेळाडूंचा विचार करूनच केलेली रचना हा निकष धरल्यास मात्र जपानमध्ये १९९७ साली निघालेला, पडद्यावर चित्रे नसलेला ‘रिअल साउंड : काझे नो रिग्रेट’ हा खेळ अधिक महत्त्वाचा ठरतो; त्याच्या सूचना ब्रेलमध्येही दिलेल्या होत्या.

प्रसाराच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा खेळ बुद्धिबळ होय, कारण त्यात डोळस प्रतिस्पर्ध्याशी खेळताना मूळ नियमांना धक्का लागत नाही. अंध खेळाडूच्या पटावरील काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र व प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी असते आणि काळ्या मोहऱ्यांवर बोटांना जाणवणारी खूण असते. त्यामुळे चाचपताना मोहरी हलत नाहीत. डोळस खेळाडू स्वतंत्र पट वापरू शकतो. प्रत्येक चाल मोठ्याने उच्चारली जाते व प्रतिस्पर्धी ती पुन्हा उच्चारून आपल्या पटावर खेळतो. चाल सांगताना पटावरील घरांच्या उभ्या पट्ट्यांसाठी ॲना, बेला, सीझर अशी नावे रूढ आहेत. अंधांचे पहिले बुद्धिबळ ऑलिंपियाड १९६१ मध्ये जर्मनीतील मेशेडे येथे झाले. अंध क्रिकेटचा उगम साधारणतः १९२२ च्या सुमारास मेलबर्न येथे झाल्याचे मानतात. त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ मध्ये दिल्लीत भरली.

गोव्यात दिव्यांगांच्या सहभागाला वाहिलेला ‘पर्पल फेस्ट’ प्रथम ६ ते ८ जानेवारी २०२३ या काळात पणजीत झाला. अशा मेळाव्यांचे मोल मोठे आहे, कारण बुद्धिबळाचा खुंटीचा पट किंवा अंध क्रिकेटमधील खुळखुळणारा चेंडू एकदा हाताळल्याखेरीज वर्णनावरून उमगत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० नुसार क्रीडाविषयक सोयीसुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी शासनावर आहे.

माहितीपत्रकांबाबत गोव्यात लिपीचा विचार अपरिहार्य ठरतो. मराठी आणि देवनागरीतील कोंकणी या दोहोंसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची समान ब्रेल पद्धती, चालते. रोमी (रोमन लिपीतील) कोंकणीच्या वाचकांसाठी वेगळी तजवीज लागते. उतारवयात दृष्टी गमावलेल्या अनेकांना ब्रेल येत नसल्याने ध्वनिमुद्रित सूचना आवश्यक असतात. एनव्हीडीए हा विनामूल्य पडदावाचक (संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी प्रणाली) ई-स्पीक संश्लेषकाच्या मराठी व कोंकणी आवाजांत मजकूर वाचतो, मात्र खेळाच्या निर्मात्याने बटणांना नावे दिली नसतील, तर त्याला केवळ ‘बटण’ एवढेच सांगता येते. म्हणून प्रचारकांनी एखादा खेळ सुचविण्यापूर्वी तो पडदावाचकासह स्वतः खेळून पाहणे इष्ट होय.