लाळ आटते ती ‘उष्णतेने’ नव्हे

तोंड कोरडं पडलं की गोव्यात घरोघरी निदान ठरलेलं असतं: उष्णता झाली. मग सब्जा, मग कोकमाचं सरबत. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचं तोंड महिनोन्‌महिने कोरडं राहत असेल तर आधी त्यांचा औषधांचा डबा उघडून पाहा.

लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते. तिची निर्मिती हा शरीरातला मला सर्वांत देखणा वाटणारा कारभार आहे. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं आणि लाळग्रंथीच्या पेशीवरच्या एम-3 ग्राहीवर, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतं. पेशीत कॅल्शियम वाढतं, क्लोराइडची दारं उघडतात. क्लोराइड नळीत उतरतं, त्यामागे सोडियम, आणि त्या मिठाच्या ओढीने ॲक्वापोरिन-5 या प्रथिनातून पाणी. म्हणजे आधी तयार होतं ते खारं पाणी! पुढच्या नलिकेतल्या पेशी त्यातलं बरंचसं मीठ परत शोषतात. पाण्याला मात्र तिथून परतवाट जवळजवळ नसते. तोंडात येते ती अळणी लाळ. म्हणून तर पेजेतलं चिमूटभर मीठही जिभेला कळतं.

सर्दीवरचं क्लोरफेनिरामिन, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीवरचं ऑक्सिब्युटिनिन ही औषधं एम-3 ची जागा अडवतात. ॲसिटिलकोलिन येतं, पण त्याला बसायला जागाच नसते.

धोतऱ्यातलं ॲट्रोपिनही हेच करतं. धोतरा चारून माणसाला बेभान करून लुटण्याचा प्रकार पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात नोंदवला आहे. धोतरा पोटात गेलेला माणूस बरळतो, त्याच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड सुकतं. त्याला भूतबाधा समजून घाड्याकडे नेण्यात जीव जाऊ शकतो. ही विषबाधा आहे, थेट इस्पितळ गाठायला हवं.

मधुमेह, डोक्या-मानेवरचं रेडिएशन, ग्रंथींवरच हल्ला करणारा शोग्रेनचा आजार यांनीही लाळ आटते. उलट क्लोझापिन या मनोविकारावरच्या औषधाने उशी भिजेपर्यंत लाळ गळू शकते.

आणि ते कोकम? लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल शमवतं. लाळच कमी असेल तर आंबट सरबताचे घोट दिवसभर घेतल्याने दातांचं कवच झिजतं. साधं पाणी बरं. गोळी मनाने बंद करू नका. पर्यायी औषध किंवा कमी मात्रा चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. काही रुग्णांना पायलोकार्पिन देतात. ब्राझीलच्या जाबोरांडी झुडपातलं हे द्रव्य त्याच एम-3 ला उद्दीपित करतं. दमेकऱ्यांना मात्र ते जपूनच द्यावं लागतं, कारण श्वासनलिकांच्या स्नायूंवरही एम-3 असतात.