हवाई अंतर

हवाई अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. त्यात रस्ते, डोंगर, समुद्र यांचा विचार नसतो. पृथ्वीचा मध्य हाच ज्याचा मध्य असतो, अशा वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. दोन शहरांतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा लहान कंस हेच त्यांचे हवाई अंतर. ते कधीही सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा, म्हणजे पृथ्वीच्या अर्ध्या परिघापेक्षा, जास्त भरत नाही.

सपाट नकाशा इथे हमखास फसवतो. सेंट पीटर्सबर्ग आणि अलास्कातील अँकरेज ही दोन्ही शहरे ६०° उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहेत आणि त्यांच्या रेखांशांत जवळजवळ १८०° फरक आहे. नकाशावर पट्टी ठेवून अक्षवृत्ताच्या बाजूने गेले, तर अंतर सुमारे १०,००० किलोमीटर होते. बृहद्वृत्त मात्र उत्तर ध्रुवाजवळून जाते आणि तेच अंतर सुमारे ६,५०० किलोमीटरवर येते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास हे लगेच पटते.

अंतर काढायला दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश पुरतात. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानून हॅवरसाइन सूत्र वापरतात. पण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे; तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. त्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. अधिक अचूक आकडा हवा असेल, तर थॅडियस व्हिन्सेन्टी यांची १९७५ सालची पद्धत वापरली जाते. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

विमान मात्र क्वचितच नेमके एवढे अंतर कापते. १०-१२ किलोमीटर उंचीवरून उडल्यामुळे होणारी वाढ नगण्य असते. १०,००० किलोमीटरमागे जेमतेम १५ ते २० किलोमीटर. खरा फरक पडतो तो ठरलेले हवाई मार्ग, वादळे आणि बंद हवाई हद्दींमुळे. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाली आणि हेलसिंकी-टोकियो हा सुमारे ९ तासांचा प्रवास १२-१३ तासांवर गेला. दोन शहरांमधले हवाई अंतर मात्र होते तेवढेच राहिले.

वाऱ्याचा परिणामही मोठा असतो, म्हणून केवळ हवाई अंतरावरून प्रवासाचा वेळ सांगणे धोक्याचे. अटलांटिकवर जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचे वेगवान वारे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना परतीपेक्षा सहसा कमी वेळ लागतो. हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान ताशी १०० किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात ८ तास उडाले, तर जमिनीवरचे ६,४०० किलोमीटर पार होतात. हवेतून ते ७,२०० किलोमीटर गेलेले असते. इंधनाचा हिशेब या दुसऱ्या आकड्यावर करावा लागतो.