जखमी लेकरू आणि मांडीवरचा प्रवास

कापूस वेचणीच्या दिवसांत घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी माझा तीन वर्षांचा पुतण्या बैलबंडीवरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. नागपूरला नेलं, भूल देऊन प्लास्टर झालं. दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी दारात किरायाची गाडी येऊन उभी राहिली. प्लास्टर छातीच्या खालून सुरू होऊन एका पायाच्या घोट्यापर्यंत आणि दुसऱ्या पायाच्या गुडघ्यापर्यंत गेलेलं, दोन्ही पाय फाकलेले. हिंगणघाट, पांढरकवडा करत गावापर्यंत चार तासांचा रस्ता. वहिनी म्हणाली, "मी धरतो नं त्याले घट्ट, काही होत नाही."

तिच्या हातांत जोर आहे. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती वावरातून घरी येते. तरी तो जोर गाडीत का पुरत नाही, ते हिशेबाने बघू.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. गाडी झाडावर आदळली तर साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबते. आतलं लेकरू मात्र त्याच वेगाने पुढे जात असतं. १२ किलोच्या लेकराला तेवढ्या वेळात थांबवायचं तर सुमारे १७० किलो वजन पेलण्याइतका जोर लावावा लागतो, म्हणजे पावणेदोन क्विंटल. तोही एका क्षणात, अजिबात तयारी नसताना. प्लास्टरचं वजन यात धरलेलंच नाही. उंचीच्या भाषेत सांगायचं तर हा वेग जवळपास १० मीटरवरून, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरून पडण्याचा आहे.

आईने स्वतःचा पट्टा लेकराभोवतीही घेतला तर धोका वाढतो. धडकेत तिचं सगळं वजन मागून त्याच्यावर येतं, समोरून पट्टा आवळतो आणि ते मध्ये चिरडतं. पुढच्या सीटवर आणखी वाईट. तिथली एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि तिचा तडाखा मोठ्या माणसाच्या छातीसाठी बेतलेला असतो.

धडक क्वचितच होते, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे संध्याकाळी रस्त्यावर रोही येतो, रानडुक्कर येतं, शेताच्या धुऱ्यावरून बैल थेट डांबरावर उतरतो. करकचून ब्रेक लागला की १२ किलोचं पोर आठ-नऊ किलोच्या जोराने पुढे ढकललं जातं. धडधाकट पोर रडून विसरेल. ज्याचं हाड नुकतंच मोडलंय, त्याच्या मांडीचे स्नायू आधीच आखडून हाडाची टोकं एकमेकांवर ओढत असतात. अशा वेळी एक हिसकाही पुष्कळ होतो.

आता मानेबद्दल, कारण खरी भीती तिथे आहे. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं जेमतेम आठवा. एवढं जड डोकं पेलणाऱ्या लहान्याच्या मानेतले मणके पुरते हाडाचे झालेले नसतात, काही भाग अजून कुर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. त्यांना बांधणारे अस्थिबंधही सैल. त्यामुळे हिसक्याने मान ताणली जाते, मणके जागेवर परततात, एक्स-रे स्वच्छ दिसतो आणि आतल्या मज्जारज्जूला मात्र इजा झालेली असते. आणखी एक फरक आहे. मोठ्या माणसाची मान पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी सगळ्यात जास्त वाकते, लहान मुलाची वर, दुसऱ्या-तिसऱ्यापाशी. श्वास चालवणारं श्वासपटल हलवणाऱ्या नसा तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या भागातूनच निघतात, म्हणजे तिथे इजा झाली तर श्वासच थांबू शकतो.

झाडावरून किंवा ट्रॅक्टरवरून पडलेल्या लेकराला आपण काय करतो? उचलतो, बाजेवर टाकतो, डोक्याखाली उशी देतो. बाज मध्ये खोलगट होते आणि पाठ वाकते. उशी त्याहून घातक. लहान मुलाचं डोकं मागून फुगीर असतं, त्यामुळे सपाट फळीवर नुसतं निजवलं तरी हनुवटी छातीकडे जाते. १९८९ साली अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांनी मानेला इजा झालेल्या दहा लहान मुलांचा अभ्यास छापला. मोठ्यांसाठी केलेल्या सपाट फळीवर त्यांची मान पुढे वाकून मणके आणखी सरकत होते. उपाय घरात मिळणारा आहे. सपाट फळीवर निजवायचं आणि खांद्यापासून कमरेपर्यंत धडाखाली घडी केलेली चादर घालायची, सुमारे अडीच सेंटिमीटर जाड. डोकं त्या घडीच्या बाहेर, थेट फळीवर. बाजूने पाहिलं तर कान आणि खांदा एका रेषेत दिसले पाहिजेत.

म्हणून पहिला निर्णय चाइल्ड सीटचा, म्हणजे गाडीत बसवायच्या लेकरांच्या पट्टेवाल्या खुर्चीचा, नाहीच. मानेत किंवा पाठीत दुखतंय, शुद्ध हरपली, उलट्या होताहेत, हातापायाला मुंग्या येताहेत, मांडी ताजी मोडली आहे, यातलं काहीही असेल तर लेकरू कारमध्ये कोंबू नका. १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. मांडी मोडली असेल तर मध्ये चादरीची घडी घालून दुखरा पाय चांगल्या पायाला दुपट्ट्याने बांधा. रुग्णवाहिकेतही आईने मांडीवर घ्यायचं नाही. लेकरू पट्टे लावून स्ट्रेचरवर, आई पट्टा लावून शेजारच्या सीटवर.

मनगट मोडलंय, कपाळावर टाके पडलेत, पण लेकरू शुद्धीवर आहे आणि नीट बसतंय, तर त्याची जागा मागच्या सीटवर, स्वतःच्या चाइल्ड सीटमध्ये. लहानग्यांची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावतात, म्हणजे धडकेत डोकं, मान आणि पाठ मिळून सीटच्या पाठीत दाबली जातात आणि मानेवर एकटीवर भार येत नाही. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल अल्डमन यांची, १९६० च्या दशकातली. अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर घेतात, हे पाहून त्यांना ती सुचली. सीटच्या मर्यादेत वजन-उंची बसते तोवर मूल असंच उलटं बसवावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पट्टा इतका आवळा की खांद्यावर चिमटीत धरता येऊ नये. थंडीत स्वेटरवर किंवा दुलईवर पट्टा लावू नका. आधी पट्टा, वरून दुलई. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय नेल्यास हजार रुपये दंड आहे, पण पोलिसांच्या भीतीने सीट घ्यावी, इतकं हे प्रकरण हलकं नाही.

आणि आता आमचं प्लास्टर. त्याला हिप स्पायका म्हणतात. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांची मांडी मोडली की बऱ्याचदा हेच घालतात आणि ते चार ते आठ आठवडे राहतं. मधल्या काळात तपासणीला, एक-दोन एक्स-रेंना पुन्हा शहर गाठावं लागतं. म्हणजे प्रवास एक नाही, चार-पाच. नागपुरातल्या एका मित्राने त्याच्या मुलीची सीट आणून दिली. बसवायला गेलो तर तिच्या उंच कडा आड आल्या. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत मी वीत लावून मोजलं, दोन विती भरून वर चार बोटं, आणि सीट आतून दोन वितीही नव्हती. मित्र म्हणाला, खाली उशी टाकून उंच करू. तसं करायचं नसतं. धडकेत उशी दबते, पट्टा ढिला पडतो आणि लेकरू त्यातून निसटतं. सीटचा फोम कापायचा नाही, पट्टे उसवायचे नाहीत. बाजूला टॉवेलची गुंडाळी चालते, पाठीमागे काही नाही.

अशा मुलांसाठी रुंद, कमी कडांच्या सीट असतात. जरा मोठ्या मुलाला मागच्या सीटवर आडवं निजवून बांधायचे खास पट्टेही परदेशात वापरतात. आमच्या हातात त्या दिवशी यातलं काही नव्हतं, म्हणून रुग्णवाहिका ठरवली आणि तो स्ट्रेचरवर पट्टे लावून घरी आला. किरायाच्या गाडीपेक्षा पैसे जास्त गेले. ज्यांच्याकडे ते नसतील त्यांनी काय करायचं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. हाडांच्या वॉर्डात अशा दोन सीट ठेवल्या आणि अनामत घेऊन प्लास्टर निघेपर्यंत घरी दिल्या, तर खर्च फार नाही. तोवर एवढं तरी करता येतं, प्लास्टर घालायच्या आधीच डॉक्टरांना विचारायचं की परत कशाने नेणार आहोत, आणि सीट सुटीच्या आदल्या दिवशी वॉर्डात आणून लेकरू बसवून बघायचं.

दुसऱ्या तपासणीपर्यंत रुंद सीट मिळाली होती. निघण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेलं दुखण्याचं औषध दिलं, पोटभर खाऊ घातलं नाही, कारण प्लास्टरमध्ये निजलेल्या लेकराला उलटी झाली तर कूस बदलता येत नाही. दर तासाला गाडी थांबवून पायाची बोटं पाहिली. गुलाबी आणि गरम आहेत ना, गुदगुल्या केल्या की हलतात ना. बोटं निळी, थंड किंवा सुजलेली दिसली असती तर पुढे न जाता जवळच्या दवाखान्यात शिरायचं ठरलं होतं. हिंगणघाटच्या अलीकडे एक बैल आडवा आला, ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला. वहिनीची पाण्याची बाटली पुढे उडाली. पुतण्या झोपेतच होता.