अरबी–स्पॅनिश दुभाषी ठरवण्याआधी

शारजाच्या पुस्तक मेळ्यात २०२१ साली स्पेन मानाचा पाहुणा होता आणि २०२२ साली मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या मेळ्यात शारजा. अशा कार्यक्रमांची धावपळ सांभाळणारे मराठी आयोजक दुभाषी शोधायला आमच्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो, "दिवसाचे किती?" आमचा पहिला प्रश्न असतो, "बोलणारे पाहुणे मूळचे कुठले?"

कारण कवी मंचावर फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी वाचतात, पण प्रश्नोत्तरं सुरू झाली की घरच्या बोलीवर येतात. कासाब्लांकाच्या माणसाची दारिजा, म्हणजे मोरोक्कोची अरबी बोली, कैरोत अरबी शिकलेल्या दुभाष्याला झेपेलच असं नाही. ऐकणारे माद्रिदचे की मेक्सिकोचे, हेही सांगा. 'तुम्ही सगळे' म्हणायला स्पेनमध्ये 'वोसोत्रोस' चालतं, मेक्सिकोत 'उस्तेदेस'च.

एक साधा प्रसंग बघा. आयोजक विचारतात, "सात वाजता याल ना?" गायक म्हणतात, "इन्शाअल्ला." दुभाष्याने याचं 'ओखाला' केलं, तर स्पॅनिश आयोजकाच्या पोटात गोळा येतो. हा शब्द अरबीतूनच स्पॅनिशमध्ये गेलेला, पण आज त्याचा अर्थ 'आले तर बरं होईल' असा. गायकाला मात्र 'येतो, देवाच्या कृपेने' म्हणायचं होतं. शब्दकोशात हा फरक सापडत नाही. तो दोन्हीकडे राहिलेल्या, दोन्हीकडचं वाचणाऱ्या माणसाला कळतो, आणि आम्ही अशीच माणसं शोधतो.

कवितेबाबत आमचा आग्रह आहे: कविता दुभाष्यावर सोडू नका. तिचा अनुवाद साहित्याच्या अनुवादकाकडून आधी करून घ्या. दुभाष्याने तो नीट वाचावा आणि गप्पा सांभाळाव्यात. आपल्या पंचतंत्रातले करटक-दमनक अरबीत कलीला आणि दिम्ना झाले आणि तेराव्या शतकात कॅस्टिलियन स्पॅनिशमध्ये पोचले, तेही कुणीतरी बसून, शब्द तोलून लिहिलं म्हणूनच. कवीच्या तोंडून ओळ सुटताक्षणी तिचं स्पॅनिश करायला सांगणं कवीवरही अन्याय आणि दुभाष्यावरही.

अरबीतून इंग्रजी आणि मग स्पॅनिश, असा दोन टप्प्यांचा मार्ग स्वस्त वाटतो. पत्रकार परिषदेला तो चालेल. साहित्याला आम्ही सुचवत नाही.

स्वतः शोधणार असाल तर स्पेनमधल्या तोलेदोच्या अनुवादक विद्यालयाकडे (१९९४ पासून) आणि ग्रानादा विद्यापीठाच्या अनुवाद विभागाकडे चौकशी करा. परिषद-दुभाष्यांची जागतिक संघटना 'आयिक' (AIIC) हिच्या यादीत भाषेनुसार शोधता येतं. दुभाषी स्पॅनिशमध्ये बोलणार असल्यामुळे स्पॅनिश त्याची पहिली भाषा असलेली बरी.

बूथमधून एकाच वेळी भाषांतर हवं असेल तर दोघे लागतात. साधारण अर्ध्या तासाने ते आलटून पालटून बोलतात. संहिता, गाण्यांचे बोल आणि पाहुण्यांची एखादी ध्वनिफीत निदान दोन आठवडे आधी द्या. कार्यक्रम रेकॉर्ड होणार असेल तर तेही आधीच कळवा, कारण दुभाष्याचा आवाज वापरायला त्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते.