तीच धून, चार रात्री

डिसेंबर १९७०. वॉशिंग्टनमधल्या ‘सेलर डोअर’ या छोट्याशा क्लबात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा संच १६ ते १९ तारखेपर्यंत सलग चार रात्री वाजवत होता आणि ते वादन टेपवर उतरत होतं. जागा तीच, वाद्यं तीच, वादक जवळपास तेच, धुनाही त्याच. तरीही ‘व्हॉट आय से’ ही धून एका रात्री वाजली तशी दुसऱ्या रात्री वाजलेली नाही. संगीतातल्या उपजेचा, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्याचा, अभ्यास करायचा तर याहून चांगली सामग्री मला सुचत नाही. बाकी सगळं स्थिर ठेवायचं आणि एकाच गोष्टीला बदलू द्यायचं, हाच तर कुठल्याही प्रयोगाचा गाभा.

या धुनेत सगळ्यात आधी कान जातो तो मायकल हेंडरसनच्या बास गिटारकडे. तो तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. एक छोटासा स्वरबंध पकडतो आणि मिनिटामागून मिनिटं सोडत नाही. त्याआधीच्या बऱ्याचशा जॅझमध्ये कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, सतत पुढे सरकत असतात आणि एकल वाजवणाऱ्याला प्रत्येक वळणाचं भान ठेवावं लागतं. फ्यूजननं, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या या मिश्रणानं, हे ओझं बरंच हलकं केलं. पायाखालची जमीन इतकी पक्की असते की वर कुठेही उडी मारली तरी परत कुठे उतरायचं ते ठाऊक असतं. किथ जॅरेट इलेक्ट्रिक पियानो आणि ऑर्गन एकाच वेळी हाताळत दूर कुठेतरी निघून जातो आणि बरोबर जागेवर येऊन मिळतो, ते याच जोरावर.

पण हे सगळं होतं कोणत्या वेगानं? मिनिटाला १२० मात्रांची लय धरा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तिचे चार भाग केले की प्रत्येक स्वराच्या वाट्याला येतात १२५ मिलिसेकंद. आता माणसाची प्रतिक्रिया पाहा. आवाज ऐकू येताच नुसतं एक बटण दाबायचं असेल तरी साधारण १५० मिलिसेकंद लागतात, आणि कोणतं बटण दाबायचं हेही ठरवायचं असेल तर आणखी जास्त. म्हणजे एक स्वर ऐकावा, मग पुढचा ठरवावा, मग तो वाजवावा, हे या लयीत शरीराला शक्यच नाही. वादक स्वर एकेक करून निवडत नाही. तो स्वरांचे गुच्छ उचलतो. वर्षानुवर्षांच्या रियाजानं हातात बसलेल्या हालचाली असतात. एक गुच्छ बोटांतून बाहेर पडत असतानाच मेंदूत पुढच्याची जुळवाजुळव चाललेली असते. अचानक सुचल्यासारखं वाटणारं बरंचसं काही क्षण आधीच निघालेलं असतं.

सोबत्यांच्या बाबतीतही तेच. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे पाच मीटरवरच्या ड्रमचा ठोका कानावर येतो तोवर १५ मिलिसेकंद उलटलेले असतात. प्रत्येकजण दुसऱ्याचा ठोका ऐकून मगच वाजवू लागला तर लय क्षणोक्षणी मागे पडत जाईल. ती पडत नाही, कारण ड्रमवादक जॅक डिजॉनेटचा पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज सगळ्यांनी आधीच बांधलेला असतो. अंदाज चुकला की दुरुस्ती करायची, आणि पुढचा बांधायचा. मला तर वाटतं, एकत्र वाजवणं म्हणजे मुख्यतः एकत्र अंदाज बांधणं.

मेंदूत या वेळी काय चालतं? २००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन या संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एफएमआरआय या मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि ३५ पट्ट्यांचा, यंत्रातल्या चुंबकाला चालेल असा की-बोर्ड त्यांच्या हाताशी दिला. पाठ केलेली रचना वाजवताना आणि मनाने वाजवताना मेंदूच्या प्रतिमा वेगळ्या दिसल्या. उपज चालू असताना स्वतःच्या वागण्यावर पहारा ठेवणाऱ्या, कपाळामागच्या बाजूच्या भागांची हालचाल मंदावली आणि मधल्या, स्वतःबद्दलच्या विचारांशी जोडलेल्या भागाची वाढली. मात्र इथे साथ आधी मुद्रित केलेली होती, त्यामुळे ती वादकाला उत्तर देऊ शकत नव्हती. २०१४ मध्ये लिंब यांच्याच गटानं दोन वादकांना आळीपाळीनं चार-चार मापं (ठरावीक मात्रांचे तुकडे) वाजवायला लावली, तेव्हा भाषेतली वाक्यरचना सांभाळणारे भाग कामाला लागलेले दिसले. अर्थाशी निगडित भाग मात्र शांत होत गेले. वादक ‘स्टेजवर गप्पा मारतो’ म्हणतात तेव्हा ती नुसती बोलण्याची पद्धत नसते, हे त्यातून दिसतं.

टेप ऐकताना एक सावधगिरी मात्र हवी. याच मैफलींतला काही भाग १९७१ मध्ये ‘लाइव्ह-इव्हिल’ या अल्बममध्ये आला, पण निर्माता टिओ मासेरो यानं टेप कापून, जोडून त्याला आकार दिला होता. तो अल्बम सुंदर आहे, तरी एखादं वळण वादकांनी घेतलं की कात्रीनं, हे त्यावरून सांगता येत नाही. चार रात्रींचं सविस्तर मुद्रण सहा सीडींच्या संचात प्रकाशित व्हायला २००५ साल उजाडलं. अभ्यासाला खरा उपयोग या संचाचा.

त्यात शेवटच्या, १९ तारखेच्या रात्रीकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्या रात्री जॉन मॅक्लॉफ्लिन गिटार घेऊन सामील झाला, म्हणजे प्रयोगात एक नवा घटक पडला. गिटार आणि इलेक्ट्रिक पियानो यांचे स्वर बऱ्याच अंशी एकाच टप्प्यात असतात. दोन्ही एकदम जोरात वाजली की कानाला एक दुसऱ्याच्या आड गेलेलं जाणवतं. हेडफोन लावा. आधीच्या रात्रीची ‘व्हॉट आय से’ ऐका, मग लगेच ही. दोन्ही वेळा ट्रम्पेटवरचं लक्ष काढून फक्त जॅरेटच्या हातांवर ठेवा, आणि गिटार आत येते त्या क्षणी ते कुठे थांबतात, कुठे सरकतात, ते टिपत जा.